कमान उभी, भार दुसरीकडे

दासगावाहून महाडकडे निघालं की एखादी तरी स्वागतकमान आडवी येतेच. दोन खांब, वर टोक काढलेला सिमेंटचा वक्र, मधोमध गावाचं नाव आणि कडेला सौजन्य कोणाचं ते. दिसायला टोकदार कमान. प्रत्यक्षात सगळा भार तुळईतल्या सळ्या पेलतात. खालचा वक्र फोडून काढला तरी काही कोसळणार नाही. आकार जागोजागी आहे, त्याचं काम मात्र सुटलं आहे.

खऱ्या टोकदार कमानीत दोन वेगळ्या मध्यबिंदूंवरून काढलेले कंस माथ्याशी भेटतात. पाचरीसारखे घडवलेले दगड लाकडी सांगाड्यावर दोन्ही अंगांनी रचत आणायचे, शेवटी माथा बंद करायचा आणि मग सांगाडा काढायचा. त्यानंतर दगड एकमेकांना दाबूनच उभे राहतात. अर्धवर्तुळापेक्षा इथे बाजूच्या भिंतींना आडवा रेटा कमी बसतो आणि रुंदी तीच ठेवून उंची वाढवता येते. विजापूरच्या गोलघुमटात तर एकमेकींना छेदणाऱ्या टोकदार कमानींनीच चौकोनी दालनावर एवढा प्रचंड घुमट तोलला आहे.

हे तंत्र सुलतानी काळात दख्खनेत रुळलं. दाभोळच्या शाही मशिदीत ते आहे, तसं रायगडावरही आहे. हिरोजी इंदुलकरांनी गड बांधताना हा आकार परका म्हणून टाकला नाही. महादरवाजाच्या कमानीशेजारी कमळं कोरली आणि तो आपलासा केला. नगारखान्यात उभं करून गाईड मंडळी सिंहासनाजवळची कुजबुज ऐकवतात, आणि ती ऐकू येतेही. पण डोक्यावरची कमान कशावर उभी आहे, ते मान वर करून बघायला कोणी सांगत नाही.

आता नक्कल म्हटली म्हणजे वाईटच, असंही नाही. महाडजवळच्या गांधारपाल्याच्या लेण्यांत भव्य चैत्यकमान नाही, त्यासाठी कार्ल्याला जावं लागतं. तिथली दर्शनी कमानही कसला भार घेत नाही. लाकडी कमानीची नक्कल म्हणून ती अखंड खडकात कोरलेली आहे. पण वाकवलेलं लाकूड कसं वागतं हे त्या कारागिरांना ठाऊक होतं. आतल्या छताला त्यांनी खऱ्या लाकडी फासळ्याही बसवल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच अजून जागेवर आहेत. सिमेंटच्या कमानीत अशी ओळखच नाही, साच्यातून काढलेला मोदकही तिच्यापेक्षा जिवंत वाटतो.

गंमत म्हणजे इतर क्षेत्रांत हा वक्र आजही राबतो आहे. बंदुकीच्या गोळीचं नाक त्याच घडणीचं असतं. एलव्हीएम-3 अग्निबाणाच्या टोकाचं कवचही तसंच निमुळतं. हवेचा विरोध कमी करायचा असल्याने तिथे मनाला येईल तशी गोलाई चालत नाही.

महाडच्या सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला, माणसं गेली. त्याच्या कमानी टोकदार नव्हत्या. पण दगडी कमान म्हणजे धोका, असा समज तेव्हापासून पक्का झाला. तो दगडावर अन्याय आहे. पुरात उभ्या पुलाच्या पायाची आणि देखभालीची चौकशी आधी व्हायला हवी.

रायगड विकास प्राधिकरण 2017 मध्ये आलं आणि गडावर चुन्यातली डागडुजी सुरू झाली. त्या कामावर महाड-पोलादपूरची तरुण गवंडी पोरं घ्यावीत. सांगाडा बांधण्यापासून तो काढेपर्यंत एक अख्खी कमान त्यांच्या हातून उभी राहू द्यावी, आणि मगच गावोगावच्या स्वागतकमानींची कंत्राटं निघावीत.