पडद्यावरील लघुसैनिक आणि त्यांना हलविणारा हात : चार चित्रकृतींचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

चित्रपटात किंवा दूरचित्रवाणी मालिकेत एखाद्या मेजावर, कपाटात अथवा मुलाच्या खोलीत मांडलेले खेळण्यातील सैनिक ओळखणे व त्यांची नोंद ठेवणे हा पाश्चात्त्य देशांतील संग्राहकांचा जुना छंद आहे. सैनिक कोणत्या कारखान्याचा, शिशाचा की प्लॅस्टिकचा, त्याची उंची किती, त्याचा गणवेश कथेच्या काळाशी जुळतो की नाही, हे प्रश्न या छंदात महत्त्वाचे मानले जातात. अशा नोंदींचे मूल्य नाकारता येत नाही. वस्तू अचूक ओळखल्याशिवाय तिच्या अर्थाविषयी बोलणे हे हवेत इमला बांधण्यासारखे होय. तथापि ओळख ही समीक्षेची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. लघुसैनिक दिसला की त्याला तेथे कोणी मांडले, कोण हलवितो आणि तो हात दिग्दर्शक दाखवितो की झाकून ठेवतो, हा पुढचा प्रश्न उपस्थित होतो. सदर प्रश्नाच्या आधारे चार चित्रकृतींचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या चारही कृती निरनिराळ्या देशांतील व काळांतील असल्या तरी माणसाचे आयुष्य दुसऱ्याच्या हातातील वस्तू होणे, हा त्यांचा समान विषय आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

खेळण्यातील सैनिक युरोपात पूर्वीपासून प्रचलित होते. परंतु विल्यम ब्रिटन या इंग्रज कंपनीने १८९३ मध्ये आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतण्याची पद्धत अवलंबिली, तेव्हा धातू कमी लागू लागला व किंमत उतरली. सामान्यतः ५४ मिलिमीटर उंचीचे हे सैनिक मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून अशा सैनिकांच्या साहाय्याने जमिनीवर लढाई खेळण्याचे नियम सांगितले. खेळातील युद्ध खऱ्या युद्धापेक्षा कितीतरी बरे, आणि ते खेळून पाहणाऱ्यास खरे युद्ध किती गोंधळाचे असते हे कळेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. लघुसैनिक माणसाला युद्धापासून दूर नेतो की युद्धाची सवय लावतो, हा वाद तेव्हापासून अनिर्णित राहिला आहे. पडद्यावरील लघुसैनिकाच्या पाठीशी हा वाद सतत उभा असतो.

चित्रपटाने या वस्तूत आणखी एक गुण आणला, तो म्हणजे प्रमाणाचा. कॅमेरा जवळ गेला की बोटभर सैनिक पडदाभर होतो. १९३४ च्या ‘बेब्ज इन टॉयलँड’मध्ये लॉरेल व हार्डी ही जोडी खेळण्यांच्या कारखान्यात एक फूट उंचीचे सहाशे सैनिक करावयाचे सोडून सहा फूट उंचीचे शंभर सैनिक करून ठेवते. मागणीचा आकडा चुकणे हा तेथे विनोद आहे. परंतु शेवटी हेच सैनिक संकट निवारण्यासाठी चालू लागतात. खेळणे आणि फौज यांत केवळ मापाचे अंतर आहे, असे हा विनोद नकळत सांगून जातो.

‘कॅलन’ : छंद आणि हुकूम

दूरचित्रवाणीच्या संदर्भात ‘कॅलन’चा उल्लेख अपरिहार्य आहे. जेम्स मिचेल यांनी लिहिलेले ‘अ मॅग्नम फॉर श्नायडर’ हे नाट्य १९६७ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर सादर झाले. त्यातून मालिका निर्माण झाली व १९७४ मध्ये डॉन शार्प यांनी त्याच कथेवर चित्रपट केला. एडवर्ड वुडवर्ड यांनी रंगविलेला डेव्हिड कॅलन हा सरकारी गुप्त विभागासाठी माणसे मारणारा इसम आहे. श्नायडर या शस्त्रांच्या चोरट्या व्यापाऱ्यास संपविण्याचा हुकूम त्याला मिळतो. दोघांनाही लघुसैनिकांचा छंद असून या समान आवडीतून त्यांचा परिचय वाढतो आणि ते मेजावर युद्धाचा डाव मांडतात.

वरवर पाहता येथे छंद हे क्रूर माणसाच्या कोवळ्या बाजूचे चिन्ह वाटते. हा अर्थ अपुरा आहे. मेजावर कॅलनचा हात सैनिक उचलतो, तेव्हा त्याला हवे तेथे ठेवण्याचे स्वातंत्र्य त्याला असते. मेजापासून उठला की ‘हंटर’ या सांकेतिक नावाचा वरिष्ठ त्याला हवे तेथे ठेवतो. त्या पदावरील माणसे मालिकेत बदलतात, नाव मात्र तेच राहते. हलविणारा हात व्यक्तीचा नसून व्यवस्थेचा आहे, हे याहून नेमकेपणाने सांगणे कठीण. वेल्स यांच्या युक्तिवादाचीही येथे परीक्षा होते. श्नायडर व कॅलन दोघेही खेळातील युद्धाचे जाणकार आहेत. पण त्या जाणतेपणामुळे एकाचा व्यापार थांबत नाही की दुसऱ्याला मिळालेला हुकूम मागे घेतला जात नाही. खेळ मनाला विसावा देतो, सुटका देत नाही.

‘टॉय स्टोरी’ : हात नसलेली आज्ञा

जॉन लॅसेटर यांचा ‘टॉय स्टोरी’ (१९९५) हा संपूर्णतः संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्यातील हिरवे प्लॅस्टिकचे सैनिक वाढदिवसाच्या भेटवस्तूंची टेहळणी करण्यासाठी जिन्यावरून खाली उतरतात. त्यांचे पाय तळाच्या पट्टीला जोडलेले आहेत. या चालीचा अभ्यास करण्यासाठी चित्रकारांनी स्वतःचे बूट फळ्यांना ठोकून चालून पाहिले होते. सार्जंटचा आवाज आर. ली अर्मी यांचा आहे. ते पूर्वी अमेरिकन मरीन दलात कवायत शिकविणारे होते आणि स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘फुल मेटल जॅकेट’मध्ये (१९८७) त्यांनी तशाच शिक्षकाची भूमिका केली होती. ज्या आवाजाने तेथे तरुणांचे माणूसपण खरवडून काढले, तोच आवाज येथे मुलांना हसवितो.

टेहळणी चालू असताना घरातील आईचा पाय एका सैनिकावर पडतो. मुलाला खेळणी आवरायला सांगितली होती, अशी तक्रार करीत ती बाकीच्यांना बाजूला सारते. जखमी सैनिकाला मागे सोडावयास सार्जंट नकार देतो. प्रसंग विनोदी आहे, तरी त्यातील बोच खोल आहे; चिरडणाऱ्याला आपण कोणाला चिरडले याचा पत्ताच नाही. मात्र आज्ञेच्या उगमाविषयी चित्रपट मौन पाळतो. मुलाचा हात खोलीत नसतानाही सैनिक हुकूम पाळतात. आज्ञाधारकपणा हा त्यांचा स्वभाव ठरतो, म्हणून त्याची जबाबदारी कोणावरच येत नाही. तिसऱ्या भागात (२०१०) कचऱ्याच्या पिशव्या निघाल्या की पहिला बळी आपलाच, हे ओळखून उरलेले सैनिक खिडकीतून निघून जातात. हा निर्णय त्यांनी स्वतः घेतलेला आहे. पहिल्या भागातील उणीव येथे काही अंशी भरून निघते.

‘शतरंज के खिलाड़ी’ : दिसणारा हात, न दिसणारा हात

प्रेमचंदांच्या कथेवर आधारित सत्यजित राय यांचा चित्रपट (१९७७) बुद्धिबळाच्या पटावरील हातांपासून सुरू होतो. निवेदक या हातांना सेनापतींचे हात म्हणतो व लगेच ही लढाई खोटी असल्याचे सांगतो. बुद्धिबळाच्या सोंगट्या म्हणजे लघुसैनिकांचे सर्वांत संक्षिप्त रूप होय. गणवेश, चेहरा, शस्त्र सारे गळून केवळ चाल शिल्लक राहिलेली असते. मिर्झा सज्जाद अली व मीर रोशन अली सोंगट्या हलवीत असताना १८५६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनी अवधचे राज्य गिळंकृत करते. सचित्र पट्ट्यांच्या प्रसंगात राजमुकुट चेरीच्या फळांसारखे खाल्ले जाताना दिसतात. येथे राज्येच लघुवस्तू झाली आहेत.

मूळ कथेत दोघे मित्र तलवारींनी एकमेकांना मारतात. राय यांनी दोघांना जिवंत ठेवले आहे. कंपनीची फौज जाताना पाहिल्यावर ते पुन्हा पट मांडतात, तोही इंग्रजी रीतीने. वजिराला बाजूला सारून त्याच्या जागी राणी येते. मराठीत आजही या सोंगटीस वजीरच म्हणतात, त्यामुळे या बदलाचा दंश मराठी प्रेक्षकास अधिक जाणवावा. शेवट सौम्य केल्याचा आक्षेप या बदलावर घेता येईल. पण मृत्यूने खेळाडूंची सुटका झाली असती. जिवंत राहिल्याने आपला हात आता दुसऱ्याच्या नियमांनी चालतो, हे त्यांना जाणून घ्यावे लागते. चित्रपटाची खरी शिक्षा ती आहे.

‘द मिसिंग पिक्चर’ : घडविणारा हात

रिथी पान्ह यांचा २०१३ चा माहितीपट या सर्वांहून निराळा आहे. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज राजवटीत कंबोडियातील लाखो माणसे उपासमार, कष्ट, रोग व हत्या यांमुळे मेली. त्यांत पान्ह यांचे आईवडील व इतर आप्तही होते. राजवटीने प्रचाराच्या चित्रफिती ठेवल्या, या मृत्यूंची चित्रे ठेवली नाहीत. ते हरवलेले चित्र पान्ह मातीच्या लहान आकृतींनी भरून काढतात. आरंभीच हात माती कोरून माणूस घडविताना दिसतात. सारिथ मांग यांनी केलेल्या या आकृती चित्रपटात चालत नाहीत, बोलत नाहीत. कॅमेरा तेवढा त्यांच्यामधून फिरतो. स्थिर मातीची बाहुली प्रसंग उभा करू शकते, हे दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडणाऱ्या महाराष्ट्रातील वाचकास वेगळे सांगावयास नको. परंतु किल्ल्यावर पराक्रम मांडला जातो; येथे उपाशी, काळ्या कपड्यांतील, नाव पुसलेली माणसे मांडली आहेत.

आकृतींना हालचाल न देण्याचा निर्णय नैतिक स्वरूपाचा आहे. ज्या राजवटीने माणसांना गावांतून उठवून शेतांवर सोंगट्यांप्रमाणे हलविले, तिच्या बळींना पुन्हा हलविण्याचा अधिकार दिग्दर्शक स्वतःकडे घेत नाही. त्याचा हात घडवितो आणि थांबतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, पडद्यावरील लघुसैनिक ही सजावटीची वस्तू नसून सत्तासंबंधाचे दृश्य रूप असते. दुसरी, हलविणारा हात दिसतो तेथे जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. ‘टॉय स्टोरी’च्या पहिल्या भागाप्रमाणे तो दिसेनासा झाला की हुकूम नैसर्गिक वाटू लागतो. तिसरी, कॅलन व लखनौचे खेळाडू यांच्या उदाहरणांत पटावर हात फिरविणारा स्वतःच दुसऱ्या पटावरील सोंगटी ठरतो. चौथी, पान्ह यांच्या कृतीत लघुमूर्ती जिंकण्याचे साधन न राहता मृतांना जागा देण्याचे साधन होते.

म्हणून संग्राहकाच्या नोंदवहीत कारखाना, धातू आणि उंची यांच्या शेजारी समीक्षकाने आणखी एक रकाना आखला पाहिजे : हात कोणाचा? तो रकाना रिकामा राहिल्यास वस्तू ओळखली जाते, चित्रपट मात्र अनोळखीच राहतो.