चामडं कुणाचं, टाळ्या कुणाला?

'शक्ती'चं संगीत म्हणजे जॅझ आणि हिंदुस्थानी-कर्नाटकी यांचा मेळ. जॉन मॅक्‌लॉफ्लिनची गिटार, झाकिर हुसेनचा तबला. पहिली रेकॉर्ड १९७५ साली अमेरिकेत लोकांसमोर वाजवून घेतलेली. पुढच्या दोन स्टुडिओतल्या. स्टुडिओतलं गोड आहे, पण घासूनपुसून ठेवलेलं. दम लोकांसमोरच्यात. २००० च्या डिसेंबरात 'रिमेंबर शक्ती' या नावानं ते मुंबईत वाजवायला बसले. २००१ ला 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' निघाली. तबला, पखवाज, ढोलक, कंजिरा एकमेकांना सवाल टाकतात आणि जवाब तिथल्या तिथं द्यावा लागतो. आपल्या जलशात असतं तसंच.

पण मित्रांनो, ही वाद्यं मढवली कुणी? टी. एम. कृष्णा यांनी 'सेबॅस्टियन अँड सन्स' (२०२०) मध्ये मृदंग घडवणाऱ्यांचा इतिहास लिहिला. त्यातले बरेचसे दलित ख्रिस्ती. चामडं निवडायचं, ताणायचं, नादाला आणायचं ह्यांनी; टाळ्या वादकाला. 'शक्ती'च्या पहिल्या रेकॉर्डीत मृदंग रामनाड राघवन यांचा. तो मढवणारा कोण, हे कुणी विचारतं का?

आपल्यातले काही म्हणतील, चामड्याचं नावच काढू नका. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी मेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं. गावकीची सक्ती झुगारली, ती झुगारायलाच हवी होती. पण वाईट होती ती सक्ती. हातातलं कसब नव्हे.

अलिबाग-मुरुडच्या पोरांनो, हे संगीत जरूर ऐका. आणि उद्या आपली गाणी रेकॉर्ड कराल तेव्हा ढोलकी मढवणाऱ्याचं नाव वादकाच्या शेजारी छापा.