ऐकायची मालिका, बघायचा सिनेमा

मराठी मालिका बघायला डोळे लागत नाहीत. संध्याकाळी सातपासून साडेदहापर्यंत टीव्ही चालू असतो, पण त्याच्यासमोर सलग बसलेलं माणूस घरात एखादंच. बाकीची ये-जा. कुणी कणीक मळतंय, कुणी गवार निवडतंय, कुणी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलंय. तरी गोष्ट कुणाचीच सुटत नाही, कारण लिहिणाऱ्यानं हे सगळं आधीच धरून चाललेलं असतं. दारात कोण आलं हे दार उघडणारी सून नाव घेऊन सांगते. सासूच्या हाती कागद लागला की ती तो मोठ्यानं वाचते. कारस्थानी जाऊबाई रिकाम्या खोलीत उभी राहून सगळा बेत स्वतःलाच ऐकवते. त्यातूनही काही निसटलंच, तर ढॅण्कन वाजणारं संगीत आहेच. ते वाजलं की स्वयंपाकघरातून मान बाहेर काढायची.

यावर नाकं मुरडणं सोपं आहे. मला मात्र ही कारागिरी वाटते. आकाशवाणीसाठी श्रुतिका लिहिणाऱ्यांना हेच करावं लागे: माणूस कुठे उभा आहे, हातात काय आहे, हे बोलण्यातूनच कळवायचं. फरक इतकाच, की श्रुतिका संपायची. मालिकेची गोष्ट संपते, पण टीआरपी असेपर्यंत मालिका संपत नाही. मग लग्नाचा आठवडा येतो, रविवारचा महाएपिसोड येतो, स्मृती जाते, परत येते.

कानावर चालणाऱ्या या प्रकारातली उत्तम मालिका कोणती, असं विचारलं तर मी ‘रात्रीस खेळ चाले’ म्हणेन. 2016 साली आलेल्या पहिल्या भागात कोकणातला वाडा होता, अंधार होता, भुताटकीही होती. पण माणसं खिळली ती मालवणी बोलीला. माईचा कातावलेला सूर, पांडूचं विसरभोळं, अडखळतं बोलणं, हे ऐकताना पडद्याकडे पाठ असली तरी चालायचं. त्या भागात घरचे कर्ते अण्णा नाईक सुरुवातीलाच मेलेले. 2019 साली दुसरा भाग मागच्या काळात गेला आणि माधव अभ्यंकरांनी त्या मेलेल्या माणसाला असा काही जिवंत केला, की भुतापेक्षा त्याचीच भीती वाटावी. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ही कानाचीच. तिथली मंडळी एकांकिका आणि रंगभूमीवर तयार झालेली. समीर चौघुले किंवा नम्रता संभेराव यांना वाक्य कुठे तोडायचं ते ठाऊक आहे. माझी तक्रार एकच. हशा पिकायच्या आत कॅमेरा खुर्चीत हसणाऱ्या परीक्षकांवर जातो. अहो, कधी हसायचं ते आम्हाला कळतं!

सिनेमाचं गणित उलटं, आणि घरात तेच बिघडतं. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ घ्या. शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागते. दालनातले दिवे मालवले जातात आणि पडदा काळाठिक्कर. थिएटरात त्या अंधारात नाइलाजानं बसून राहावं लागतं. घरात? ‘संपला वाटतं’ म्हणून हात रिमोटकडे जातो. त्यानंतरच तर न्यायाधीशांची सहल आहे. बाकावर डुलकी काढणारे साहेब, त्यांना ओरडून दचकवणारी पोरं, एका पोराला बसलेली थप्पड, आणि पुन्हा डुलकी. दोन तास कायद्याच्या कलमांतून जे चाललं होतं, ते त्या थपडेत आहे. घरी अर्धं लक्ष देऊन ‘कोर्ट’ बघणाऱ्यानं ‘काहीच घडत नाही’ असं म्हटलं तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. त्याच्यापुरतं खरोखरच काही घडलेलं नसतं.

ताम्हाणेच्याच ‘द डिसायपल’ची स्थिती आणखी चमत्कारिक. 2020 साली व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळवलेला हा चित्रपट आपल्याकडच्या बहुतेकांनी पाहिला तो 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर, म्हणजे घरीच. त्यातला शास्त्रीय गाणं शिकणारा शरद नेरूळकर रात्री रिकाम्या रस्त्यावरून मोटारसायकल चालवतो, कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माई यांची जुनी व्याख्यानं, खाली तानपुरा. हा आवाज टीव्हीच्या पुठ्ठ्यासारख्या स्पीकरवर ऐकणं म्हणजे शिक्षाच, हेडफोन लावावा. पण दुसरा एक धागा घरीच जास्त बोचतो. शरद टीव्हीवर एका गाण्याच्या स्पर्धेतली मुलगी पाहत असतो. साधी, बुजरी आलेली ती पोर हळूहळू चकचकीत होत जाते, गाणंही बदलतं. असल्या स्पर्धा आपणही याच सोफ्यावर बसून पाहिलेल्या असतात, आणि मतंही दिलेली असतात.

परेश मोकाशींच्या ‘वाळवी’ला (2023) दोन्ही साधलं. बायकोचा काटा काढायचा बेत, आणि तो पार पडत असतानाच उसवत जाणारा. संवाद खुसखुशीत, पण गोष्ट सांगण्याचं काम त्यांच्यावर टाकलेलं नाही. वस्तू कुठे राहिली, कोणाच्या हातात गेली, हे बघावंच लागतं. दोन तासांच्या आत आटपतो, हा उपकार वेगळाच.

खरी पंचाईत वेब मालिकांची. मराठीत त्या अजून ठरवू शकलेल्या नाहीत, की आपण मालिकेची धाकटी बहीण आहोत की लांबलेला सिनेमा. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची ‘समांतर’ (2020) कल्पनेवरच तरून गेली: एकाचा भूतकाळ हेच दुसऱ्याचं भविष्य. पण प्रत्येक भागाच्या शेवटी तेच जुनं ढॅण्, फक्त महागातलं. ‘मानवत मर्डर्स’ (2024) तिच्या बरीच पुढे आहे. विनोदासाठी माहीत असलेल्या मकरंद अनासपुरेंचा मराठवाडी हेल इथे धाक घालतो, ही निवड करणाऱ्याला दाद द्यायला हवी. तरीही आशुतोष गोवारीकरांनी साकारलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी तपासाला बसले, की मला मालिका पुन्हा बघायची सोडून ऐकायची झाल्यासारखी वाटते.

लॉकडाउनपासून मराठी घरांत मल्याळम सिनेमा शिरला, त्याचं एक कारण कुणी फारसं सांगत नाही. भाषा कळत नाही, म्हणून उपशीर्षकं वाचावी लागतात. वाचायची तर कणीक बाजूला ठेवावी लागते. जिओ बेबीचा ‘द ग्रेट इंडियन किचन’ (2021) तसा बघितला गेला. त्यात चिरणं, वाटणं, तळणं, खरकटं उचलणं, हेच पुन्हापुन्हा. सिंकखालचा पाइप गळतो, नवरा प्लंबरला बोलवायचं विसरतो, परत विसरतो, आणि ती बाई घाणेरड्या पाण्याखाली पोतेरं सरकवत राहते. कुणी तिचं दुःख बोलून दाखवत नाही, संगीत आपल्याला रडायला सांगत नाही. आपल्या मालिकांतही स्वयंपाकघर रोज दिसतं. तिथे काठापदराची साडी नेसून खीर ढवळली जाते आणि त्या खिरीत कुणीतरी काहीतरी मिसळतं. भांडी घासताना मात्र मी आजवर कुणाला पाहिलेलं नाही. घासत असतीलही, ढॅण् वाजलं नाही, म्हणून माझं लक्ष गेलं नसेल.