पिकतं तिथंच विकतं

‘पिकतं तिथं विकत नाही’ ही म्हण आपण कलावंतांना फार उदारपणे लावतो. गावानं ओळखलं नाही, मग परक्यांनी डोक्यावर घेतलं, मग गावाला जाग आली, ही गोष्ट आपल्याला मनापासून आवडते. कॅनडातल्या किंग्स्टन या गावच्या ‘द ट्रॅजिकली हिप’ या बँडपाशी मात्र ती उलटी होते. १९८४ मध्ये सुरू झालेला हा बँड स्वतःच्या देशात वर्षानुवर्षं स्टेडियम भरत राहिला. सीमेपलीकडच्या बफेलो-डेट्रॉइटमध्ये त्याचे चाहते होते. तिथून दोनशे मैल आत गेलं, की हाच बँड एखाद्या मध्यम आकाराच्या क्लबात वाजवायचा, आणि समोर निम्मे श्रोते कॅनडातूनच गाडी हाकत आलेले असायचे.

मार्च १९९५ मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात त्यांना बोलावणं आलं. ओळख करून द्यायला विनोदी नट डॅन आयक्रॉइड होता, तोही कॅनडाचाच. दोन गाणी झाली. कॅनडात घरोघरी लोक दूरदर्शन संचासमोर बसून होते, आता अमेरिकेला कळेल म्हणून. अमेरिकेला काही कळलं नाही. त्याच वर्षी ओटावाची अलानिस मॉरिसेट लॉस एंजेलिसमध्ये घडवलेला अल्बम घेऊन आली आणि जगभर गाजली. तिचे आधीचे दोन अल्बम फक्त कॅनडातच चालले होते, हे तेव्हा बाहेर कुणाच्या गावीही नव्हतं.

या दोन वाटांच्या मुळाशी रेडिओचा एक कायदा आहे. कॅनडाची बहुतेक वस्ती अमेरिकेच्या सीमेला चिकटून. भाषा तीच, गाणी तीच, रेकॉर्ड कंपन्याही तिकडच्या. टोरांटोतल्या स्टेशनला न्यूयॉर्कची यादी समोर ठेवून गाणी लावणं सोपं आणि फायद्याचं होतं. नील यंग, जोनी मिचेल उठून कॅलिफोर्नियाला गेले ते उगाच नव्हे. मग १९७१ पासून नियामक मंडळानं एएम स्टेशनांवर ३० टक्के गाणी कॅनडाची लावण्याची सक्ती केली. १९९९ मध्ये लोकप्रिय संगीतासाठी ती ३५ टक्के झाली. क्वेबेकसारख्या भागातल्या फ्रेंच स्टेशनांना ६५ टक्के गाणी फ्रेंच भाषेत लावण्याचा वेगळा नियम. मंडळाचे पहिले अध्यक्ष पिएर ज्युनो. देशाच्या संगीत पुरस्कारांना ‘जुनो’ हे नाव त्यांच्यावरूनच मिळालं. सरकारी अधिकाऱ्याच्या नावावरून रॉक संगीताचा पुरस्कार, हे आपल्याकडे सुचलं तरी कुणी उघड बोलणार नाही.

पण गाणं कॅनडाचं म्हणजे काय? संगीतकार, कलावंत, ध्वनिमुद्रणाची जागा आणि गीतकार असे चार निकष ठरले. त्यातले दोन कॅनडाचे असले की गाणं पास व्हायचं. रेकॉर्डच्या पाठीवर चार फाकांचं एक चक्र छापलेलं असायचं. रेशन कार्डावरच्या शिक्क्याची आठवण व्हावी असं. या हिशेबाची सगळ्यात मोठी फजिती ब्रायन ॲडम्सनं केली. १९९१ चा त्याचा अल्बम जगभर वाजत होता, त्यातलं एक गाणं ब्रिटनमध्ये सलग १६ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, आणि कॅनडाच्या नियमात ते कॅनडाचं ठरेना. कारण गाणी त्यानं मट लँग या परदेशी निर्मात्याबरोबर मिळून लिहिली होती. बराच गदारोळ झाला आणि पुढे नियम दुरुस्त करावा लागला. उलट ट्रॅजिकली हिपचा १९९२ चा ‘फुली कम्प्लीटली’ लंडनमध्ये मुद्रित झालेला, त्याआधीचा १९८९ चा अल्बम मेम्फिसमध्ये, आणि कंपनी अमेरिकन. तरी चाल, गीत आणि गायक घरचे, म्हणून शिक्का पक्का.

स्टेशनवाल्यांनीही पळवाटा काढल्याच. सक्तीची गाणी रात्री उशिरा आणि भल्या पहाटे एकदम उरकायची, म्हणजे कामाच्या वेळी अमेरिकन यादी मोकळी. अशा तासांना ‘बीव्हर अवर’ असं नाव पडलं होतं. बीव्हर हा कॅनडाचा राष्ट्रीय प्राणी. मग नियामकाला दिवसाच्या वेळेपुरता वेगळा हिशेब लिहावा लागला. दुसरा दोष अधिक खोल होता. टक्के भरायचे तर ओळखीचीच नाणी पुन्हा पुन्हा चालवायची. नव्या बँडची जोखीम कोण घेणार? त्यामुळे तीच दहा-वीस गाणी कान किटेपर्यंत वाजली, ट्रॅजिकली हिपचीही. या बँडचा कंटाळा आलेले कॅनेडियन पुष्कळ आहेत, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही.

कोट्याचे वकील यशाची यादी देतात तेव्हा सेलीन डिऑन, शनाया ट्वेन, मॉरिसेट ही नावं पुढे करतात. मला हा युक्तिवाद लंगडा वाटतो. ज्यांच्या गाण्यात कॅनडा कुठे दिसत नाही ती गाणी कॅनडाच्या आरक्षणाचं फळ कशी म्हणायची? बाजार त्यांना कधीतरी शोधणारच होता. ‘द गेस व्हू’ हा विनिपेगचा बँड तर सक्ती येण्याआधीच, १९७० मध्ये, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन आला होता.

आरक्षणाचं खरं पीक म्हणजे ट्रॅजिकली हिपचा गायक-गीतकार गॉर्ड डाउनी याची गाणी. त्याचं एक गाणं बिल बरिल्को या आइस हॉकीपटूवर आहे. बरिल्कोनं १९५१ मध्ये टोरांटोला स्टॅन्ली कप जिंकून देणारा गोल केला आणि त्याच उन्हाळ्यात विमान अपघातात तो नाहीसा झाला; अवशेष सापडले ते १९६२ मध्ये. दुसरं गाणं डेव्हिड मिलगार्डवर. खुनाच्या खोट्या आरोपात तेवीस वर्षं तुरुंगात काढून तो १९९२ मध्ये बाहेर आला. अशी गाणी ह्यूस्टनमधल्या माणसाला कशी कळावीत? तळटीप लावून गाणं ऐकवत नाहीत. ‘बटाट्याची चाळ’ दुसऱ्या भाषेत नेताना जे हातातून निसटतं, तसंच हे. पण बरिल्को कोण हे ठाऊक असलेला श्रोता रेडिओवर रोज भेटणार आहे, एवढी खात्री असली तरच गीतकार असं गाणं लिहायला धजतो. ही खात्री पुरवली त्या ३० टक्क्यांनी. बँड बाहेर चालला नाही, हे अपयश मानण्याचं म्हणूनच मला कारण दिसत नाही.

सरकारनं कान धरल्याचा आपलाही एक अनुभव आहे, तोही एका मराठी माणसाचा. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. चित्रपटगीतं उथळ आणि पाश्चात्त्य धाटणीची, म्हणून आकाशवाणीवर त्यांना जवळजवळ दार बंद झालं. श्रोत्यांनी सुई रेडिओ सिलोनवर नेली, अमीन सायानींचा ‘बिनाका गीतमाला’ घरोघरी पोचला, आणि १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. केसकरांनी परकं नव्हे, घरचंच गाणं अडवलं होतं. कॅनडानं घरच्याला जागा राखून दिली. लोकांना आवडतंय त्यावर झाकण घालणं आणि त्याच्या शेजारी आणखी एक पाट मांडणं, यांत अंतर आहे. गंमत म्हणजे त्याच काळात, १९५५-५६ मध्ये, पुणे केंद्रानं ‘गीतरामायण’ आठवड्यामागून आठवडा लावलं. त्यासाठी टक्के मोजावे लागले नाहीत, कारण तिथे रेडिओ स्वतःच यजमान होता.

मुंबईतल्या खासगी एफएमवर मराठी गाणी हवीत, ही मागणी अधूनमधून उठते. ती रास्त आहे. पण प्रल्हाद शिंदे आणि आनंद शिंदे गावागावांत पोचले ते कॅसेटवरून, जत्रांच्या कर्ण्यांवरून आणि एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांवरून, हेही त्या मागणीच्या शेजारी लिहून ठेवावं. उद्या टक्के मिळाले, तर ते कोणत्या मराठीला मिळतील? बहुधा चित्रपटातल्याच. फ्रान्सनं १९९६ पासून रेडिओवर ४० टक्के फ्रेंच गाणी सक्तीची केली, तेव्हा त्यातली निम्मी नव्या कलावंतांची किंवा नव्या निर्मितीची असावीत अशी मेख मारून ठेवली. त्यातून फ्रेंच रॅपला बळ मिळालं. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा वेगळंच काही होतं.

आता मोजायचे तासच उरले नाहीत. रेडिओचा दिवस २४ तासांचा, त्याचे ३५ टक्के काढता येतात. फोनवरच्या यादीला सकाळ नाही की रात्र नाही. कॅनडानं २०२३ मध्ये ऑनलाइन प्रसारणाचा कायदा केला, आणि पुढच्या वर्षी मोठ्या स्ट्रीमिंग कंपन्यांनी कॅनडातल्या उत्पन्नाचे ५ टक्के द्यावेत असा आदेश निघाला. वाद चालू आहे. पैसे कदाचित वसूल होतीलही. पण यादी प्रत्येकाची वेगळी असेल, तर बरिल्को सगळ्यांना एकदम कुठे भेटणार?

डाउनीला मेंदूचा असाध्य कर्करोग असल्याचं २०१६ च्या मे महिन्यात जाहीर झालं. तरी बँड देशभर फिरला आणि २० ऑगस्टला किंग्स्टनमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो प्रेक्षकांत होते, आणि मूलनिवासी लोकांशी देशानं काय केलं हे डाउनीनं स्टेजवरून त्यांना ऐकवलं. रिओ ऑलिंपिक चालू असताना सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक वाहिनीनं खेळांचं प्रक्षेपण बाजूला ठेवून हा कार्यक्रम जाहिरातींशिवाय दाखवला. सुमारे १ कोटी १७ लाख लोकांनी तो पाहिला, म्हणजे देशातल्या जवळपास दर तीन माणसांतल्या एकानं. सीमेपलीकडे तो शनिवार इतर शनिवारांसारखाच गेला.