पडदा, अंतर आणि आधार : दूरस्थ मानसोपचाराविषयीच्या दोन ग्रंथांची चिकित्सा

सारांश : मानसिक आघात आणि अनुबंध या क्षेत्रांत काम करणाऱ्या उपचारकाचे काम गेल्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणावर संगणकाच्या पडद्यावर आले आहे. या स्थित्यंतराचा विचार करणारे हॅना झीविन यांचा 'द डिस्टन्स क्युअर' (२०२१) आणि जिलियन आयझॅक्स रसेल यांचा 'स्क्रीन रिलेशन्स' (२०१५) हे दोन ग्रंथ परस्परविरोधी भूमिका मांडतात. प्रस्तुत लेखात या दोन्ही भूमिकांची अनुबंध सिद्धान्ताच्या आधारे चिकित्सा केली आहे. दोन्ही ग्रंथांत 'अंतर' ही संकल्पना मुख्यतः उपचारक आणि सल्लार्थी यांच्या संदर्भात वापरली गेल्याने आघातग्रस्त व्यक्तीचा मूळ प्रश्न काहीसा झाकोळला जातो, असे येथे दाखविण्याचा प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : मानसिक आघात, अनुबंध, सुरक्षित तळ, दूरस्थ उपचार, माध्यम, सहउपस्थिती.

१. प्रस्तावना

ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलीत दोन व्यक्तींनी समोरासमोर बसून केलेला संवाद म्हणजे मानसोपचार, ही कल्पना विसाव्या शतकात इतकी दृढ झाली की त्या खोलीचा स्वतंत्र विचार करण्याची गरज फारशी कोणाला भासली नाही. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे ही खोली जगभर एकाएकी बंद झाली आणि उपचारक व सल्लार्थी दोघेही आपापल्या घरातून पडद्यावर एकमेकांना भेटू लागले. साथ ओसरल्यानंतरही ही पद्धती मागे पडली नाही. तेव्हा तात्पुरती सोय म्हणून या प्रकाराकडे पाहणे आता पुरेसे नाही.

हा प्रश्न सर्व प्रकारच्या समुपदेशनास सारखाच लागू होत नाही. करिअरविषयक सल्ला किंवा परीक्षेची भीती यांसारख्या विषयांत माध्यम बदलल्याने आशय फारसा बदलत नसावा. परंतु ज्या व्यक्तीला बालपणी आपल्याच माणसाकडून इजा झाली, जिच्यासाठी जवळीक आणि धोका हे दोन अनुभव एकमेकांत मिसळून गेले आहेत, तिच्या बाबतीत 'जवळ असणे' म्हणजे काय हाच उपचाराचा विषय असतो. म्हणून आघात आणि अनुबंध या क्षेत्रांतील उपचारकाचे काम ही दूरस्थ मानसोपचाराची खरी कसोटी ठरते.

२. सैद्धान्तिक पार्श्वभूमी

जॉन बोल्बी यांनी १९६९, १९७३ आणि १९८० या वर्षी प्रसिद्ध झालेल्या तीन खंडांत अनुबंध सिद्धान्ताची मांडणी केली. मूल आईकडे केवळ दुधासाठी ओढले जाते, हे तत्कालीन मत त्यांनी नाकारले. संरक्षण देणाऱ्या व्यक्तीच्या सान्निध्यात राहण्याची प्रेरणा स्वतंत्र आणि मूलभूत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मेरी एन्सवर्थ यांनी प्रथम युगांडामध्ये आणि नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे केलेल्या निरीक्षणांतून या सिद्धान्ताला अनुभवाधिष्ठित पाया मिळाला. सुरक्षित, टाळाटाळ करणारा आणि द्विधा असे अनुबंधाचे तीन प्रकार त्यांनी सांगितले. पुढे मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी विस्कळीत अनुबंध हा चौथा प्रकार नोंदविला. ज्या व्यक्तीकडे धाव घ्यायची तीच भीतीचे कारण असते, तेव्हा मुलाच्या वर्तनात ही विस्कळितता दिसते. बोल्बी यांनी उत्तरायुष्यात उपचारकाच्या भूमिकेचे वर्णन 'सुरक्षित तळ' या संकल्पनेने केले. ज्या तळावरून निघून मनुष्य आपल्या भूतकाळाचा शोध घेऊ शकतो आणि भीती वाटली तर जेथे परतू शकतो, असे ते नाते होय.

ज्युडिथ हर्मन यांच्या 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' (१९९२) या ग्रंथाने आघातोपचाराचे तीन टप्पे सांगितले : सुरक्षिततेची प्रस्थापना, स्मरण व शोक, आणि समाजाशी पुन्हा नाते जोडणे. या क्रमात पहिला टप्पा ओलांडल्याशिवाय दुसऱ्यात पाऊल टाकणे घातक ठरते. पुढील विवेचनात या त्रिस्तरीय मांडणीचा मापदंड म्हणून उपयोग केला आहे.

३. झीविन यांची भूमिका : अंतर नवे नाही

'द डिस्टन्स क्युअर' हा ग्रंथ प्रामुख्याने इतिहासग्रंथ आहे. दूरस्थ उपचार ही संगणकयुगाची निर्मिती नसून मनोविश्लेषणाच्या जन्मापासून ती त्याच्यासोबत आहे, हे झीविन यांचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे. फ्रॉइड यांचे आत्मविश्लेषण विल्हेल्म फ्लीस यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या आधाराने घडले. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लिटल हान्स' या प्रकरणात उपचार मुख्यतः मुलाच्या वडिलांमार्फत झाले. त्या उपचारकाळात फ्रॉइड यांनी मुलाला प्रत्यक्ष एकदाच पाहिले. विनिकॉट यांनी बीबीसीवरून मातांशी साधलेला संवाद, चाड वारा यांनी १९५३ मध्ये लंडन येथे सुरू केलेली 'समॅरिटन्स' ही आत्महत्या प्रतिबंधक दूरध्वनी सेवा आणि जोसेफ वायझेनबाम यांनी १९६६ मध्ये जगासमोर आणलेला 'एलायझा' हा संगणकीय संवादकार्यक्रम, अशी ही परंपरा त्या उलगडत नेतात.

या इतिहासातून झीविन दोन निष्कर्ष काढतात. एक, उपचाराचे नाते दोघांचे कधीच नसते. उपचारक, सल्लार्थी आणि माध्यम असे ते त्रिकूट असते. खोली हेही एक माध्यमच आहे. दोन, अंतरामुळे जवळीक नाहीशी होत नाही, तर तिचे स्वरूप बदलते. अनोळखी आवाजाशी मध्यरात्री बोलणारा मनुष्य जे सांगू शकतो ते तो ओळखीच्या माणसासमोर कदाचित सांगणार नाही. ही मांडणी महत्त्वाची आहे. दूरस्थ उपचार म्हणजे 'खऱ्या' उपचाराची दुय्यम नक्कल, हा सर्वत्र रुजलेला ग्रह ती समर्थपणे मोडून काढते.

तथापि या मांडणीची एक मर्यादा आहे. पत्र, नभोवाणी, दूरध्वनी आणि पडदा यांना एकाच सूत्रात ओवताना त्यांच्यातील भेद सौम्य होतात. पत्र वाचणारा लिहिणाऱ्याच्या चेहऱ्याची अपेक्षाच करीत नाही. दूरध्वनीवर चेहरा नसतो हे दोघांनाही मान्य असते. पडदा मात्र चेहरा देऊ करतो आणि पुरता देत नाही. हे अर्धवट देणे अनुबंधाच्या दृष्टीने अधिक गुंतागुंतीचे आहे.

४. आयझॅक्स रसेल यांची भूमिका : देहाची अनुपस्थिती

नेमका हाच मुद्दा 'स्क्रीन रिलेशन्स' या ग्रंथाच्या केंद्रस्थानी आहे. झीविन यांनी इतिहासाची बाजू घेतली, तर आयझॅक्स रसेल यांनी देहाची बाजू घेतली आहे. व्यवसायाने मनोविश्लेषक असलेल्या या लेखिकेच्या मते पडद्यावरील संवादात सहउपस्थिती, म्हणजे एकाच अवकाशात दोन देहांनी असणे, हरवते. कॅमेरा आणि पडद्यावरील प्रतिमा यांच्या जागा वेगळ्या असल्याने दोघांची नजर खऱ्या अर्थाने कधीच एकमेकांना भेटत नाही. श्वासाचा बदललेला वेग, खुर्चीत सावरून बसणे, दाराशी रेंगाळलेले पाऊल हे सारे चौकटीबाहेर राहते. शिवाय एका खोलीत असताना स्पर्शाची वा प्रहाराची शक्यता असते आणि दोघेही ती टाळतात. या टाळण्यातूनच विश्वास घडतो. पडद्यावर ती शक्यताच नसल्याने विश्वासाची परीक्षाही होत नाही.

या युक्तिवादाला एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'निश्चल चेहरा' प्रयोगाची जोड देता येते. तान्ह्या मुलाशी खेळणारी आई सूचनेनुसार काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवते. मूल हसून, हात पुढे करून तिला परत मिळविण्याचा प्रयत्न करते आणि शेवटी तोंड फिरवते. इंटरनेटची जोडणी खंडित झाल्यावर पडद्यावर गोठलेला उपचारकाचा चेहरा या प्रयोगाची आठवण करून देतो. साम्य तंतोतंत नाही. प्रौढ व्यक्तीला कारण ठाऊक असते. परंतु आघाताची स्मृती कारणाची वाट पाहत नाही. वर्षानुवर्षे न सांगितलेली गोष्ट जिभेवर आली असताना समोरचा चेहरा गोठला, तर 'मी सांगितले आणि माणूस निघून गेला' हा जुनाच अनुभव नव्याने कोरला जाण्याची भीती असते. तुटलेली जोडणी पुन्हा जुळल्यावर उपचारकाने 'नेटवर्क गेले होते' एवढेच म्हणून पुढे जाणे आणि त्या मधल्या क्षणात काय झाले हे विचारणे, यांत म्हणूनच मोठा फरक आहे. तुटणे आणि पुन्हा सांधले जाणे हाच तर अनुबंधविषयक उपचाराचा गाभा आहे.

५. दोन्ही भूमिकांची चिकित्सा : अंतर कोणापासून?

आयझॅक्स रसेल यांचा युक्तिवाद प्रभावी असला तरी त्यात एक गृहीतक दडलेले आहे. देहाची उपस्थिती मूलतः आश्वासक असते, असे ते गृहीतक होय. लैंगिक अत्याचार सहन केलेल्या व्यक्तीसाठी बंद दाराआड अनोळखी माणसासोबत बसणे हेच धोक्याचे चिन्ह असू शकते. पडद्यावर ती स्वतःच्या ओळखीच्या खुर्चीत असते, कॅमेरा बंद करू शकते, एका कळीसरशी बाहेर पडू शकते. हे नियंत्रण तिला पूर्वी कधीच मिळाले नव्हते. हर्मन यांच्या भाषेत बोलायचे तर आयझॅक्स रसेल ज्याला मर्यादा म्हणतात, ते पहिल्या टप्प्यातील सुरक्षिततेचे साधन ठरू शकते. अमेरिकेतील माजी सैनिकांवर गेल्या दशकात झालेल्या नियंत्रित चाचण्यांतही आघातोत्तर तणावावरील सुसंरचित उपचार पडद्यावरून दिल्यास प्रत्यक्ष उपचारांपेक्षा कमी परिणामकारक ठरत नाहीत, असे आढळले आहे. अर्थात त्या चाचण्या ठरावीक सत्रांच्या उपचारांविषयी आहेत. दीर्घकालीन नात्यावर आधारलेल्या उपचारांना त्यांचा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

उलटपक्षी, झीविन यांची अंतराची पाठराखण टाळाटाळ करणाऱ्या अनुबंधाच्या व्यक्तीबाबत फसवी ठरू शकते. जवळीक टाळणे हीच जिची जगण्याची रीत आहे, तिला पडदा सोयीचा वाटणे स्वाभाविक आहे. सत्रे नियमित होतात, संवाद सुरळीत असतो आणि उपचारकालाही सारे ठीक वाटते. प्रत्यक्षात दोघांनी मिळून त्या टाळाटाळीलाच एक प्रतिष्ठित चौकट दिलेली असते. सल्लार्थीची सोय आणि सल्लार्थीचे हित यांतील हा भेद ओळखणे हे दूरस्थ उपचारकाचे सर्वांत अवघड काम म्हणावे लागेल.

याहून मूलभूत आक्षेप मात्र दोन्ही ग्रंथांना एकत्रितपणे लागू होतो. दोन्ही लेखिका अंतर मोजतात ते प्रामुख्याने उपचारक आणि सल्लार्थी यांच्यामधील. परंतु आघातग्रस्त व्यक्तीच्या दृष्टीने निर्णायक अंतर हे इजा करणाऱ्यापासूनचे असते. उपचारकाच्या खोलीचे महत्त्व ती उपचारकाची आहे यापेक्षा ती *घर नाही* यात अधिक होते. आठवड्यातील एक तास तरी ती व्यक्ती त्या छपराबाहेर असे. पडद्याने उपचार घरात आणले आणि ते एक तासाचे अंतर पुसून टाकले. टाळेबंदीच्या काळात हिंसा करणारी व्यक्ती भिंतीपलीकडे असताना तिच्याविषयी बोलणे कित्येकांना अशक्य होते. अशा वेळी सल्लार्थी 'हो', 'नाही' एवढेच बोलत असेल, तर तो प्रतिकार नसून सावधगिरी आहे, हे उपचारकाने ओळखले पाहिजे. तेव्हा पडदा सुरक्षित की खोली सुरक्षित, हा प्रश्नच अपुरा आहे. सल्लार्थी ज्या जागेत बसून बोलतो ती जागा कोणाच्या ताब्यात आहे, हा खरा प्रश्न होय.

माध्यमाच्या मालकीचाही येथे विचार व्हावयास हवा. झीविन यांच्या त्रिकूटातील तिसरा घटक तटस्थ नसतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये 'बेटरहेल्प' या ऑनलाइन समुपदेशन कंपनीविरुद्ध वापरकर्त्यांची संवेदनशील माहिती जाहिरातीसाठी इतर कंपन्यांना दिल्याबद्दल कारवाई केली आणि तिला ७८ लाख डॉलर भरावे लागले. विश्वासघात हाच ज्यांच्या दुखण्याचा उगम आहे, त्यांच्या बाबतीत ही केवळ तांत्रिक चूक मानता येणार नाही.

६. मराठी संदर्भ

झीविन यांचा इतिहास मुख्यतः युरोप-अमेरिकेचा आहे. मराठीत दूरस्थ सल्ल्याची परंपरा त्याहून अगदीच वेगळी नाही. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' (१९२७ ते १९५३) मासिकात वाचकांच्या लैंगिक जीवनाविषयीच्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. घरात, वैद्यासमोर वा मित्रासमोर जे उच्चारता येत नव्हते ते पत्रातून विचारता येत होते. टपाल हे येथे खासगीपणाचे साधन होते. अलीकडे टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये सुरू केलेल्या 'आयकॉल' या उपक्रमाने दूरध्वनी आणि ई-मेलद्वारे समुपदेशन उपलब्ध करून दिले, तर केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये '१४४१६' या क्रमांकावर 'टेलि-मानस' सेवा सुरू केली.

या संदर्भात अनुबंध सिद्धान्ताची एक मर्यादाही लक्षात येते. बोल्बी यांच्या मांडणीत आई आणि मूल यांचे युग्म केंद्रस्थानी आहे. हायडी केलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या युग्मकेंद्री दृष्टीवर सांस्कृतिक आक्षेप घेतले आहेत. आजी, आत्या, काकू, थोरली बहीण अशा अनेक मांड्यांवर वाढलेल्या मुलाचा सुरक्षित तळ एकाच व्यक्तीत शोधणे योग्य ठरणार नाही. परंतु याच बहुकेंद्री घराची दुसरी बाजू अशी, की तेथे बंद दाराची खोली दुर्मीळ असते. दोन खोल्यांच्या घरात राहणारी विद्यार्थिनी समुपदेशकाशी बोलण्यासाठी गच्चीवर किंवा जिन्यात जाते, तेव्हा पडद्यावरील उपचारांचा 'घरबसल्या' हा विशेष तिच्यापुरता निरर्थक झालेला असतो. मार्च २०२० मध्ये आलेली दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांसाठी आहेत. ओळख, संमती आणि नोंदी यांविषयी ती बोलतात. परंतु सल्लार्थीच्या भोवतालची जागा पडताळण्याची जबाबदारी अखेर उपचारकाच्या विवेकावरच येऊन पडते. 'आता बोलणे सोयीचे आहे का? ऐकू जाईल असे जवळ कोणी आहे का?' हे प्रश्न, ठरवून घेतलेला सांकेतिक शब्द, जोडणी तुटल्यास कोणी कोणाला फोन करायचा याचा करार, सल्लार्थी त्या क्षणी नेमका कोठे आहे याची नोंद, या गोष्टी वरवर कामकाजाच्या वाटतात. हर्मन यांच्या क्रमानुसार पाहता त्या उपचाराची पूर्वतयारी नसून उपचाराचा पहिला टप्पाच आहेत.

७. समारोप

झीविन यांचा ग्रंथ दूरस्थ उपचारांना इतिहास देतो, तर आयझॅक्स रसेल यांचा ग्रंथ त्यांना देहाची आठवण करून देतो. दोन्ही आवश्यक आहेत आणि एकमेकांस पूरकही आहेत. मात्र आघात आणि अनुबंध या क्षेत्रांतील उपचारकाला यांपैकी कोणताही एक ग्रंथ पुरेसे मार्गदर्शन करू शकत नाही. कारण त्याच्यासमोरचा प्रश्न माध्यमाच्या श्रेष्ठकनिष्ठतेचा नसतो. या व्यक्तीला, तिच्या अनुबंधाच्या या प्रकारात, उपचाराच्या या टप्प्यावर, तिच्या या घरात कोणते अंतर हितकारक आहे, असा तो असतो. एकाच सल्लार्थीला प्रारंभी पडद्याची ओट हवी असेल आणि शोकाच्या टप्प्यावर समोर बसलेल्या माणसाची गरज भासेल. याच्या नेमके उलटही घडू शकते.

महाविद्यालयांतील समुपदेशन केंद्रेही आज दूरस्थ सेवांकडे वळत आहेत. अशा वेळी सत्रांची संख्या आणि सोय यांवरून त्या सेवेचे मूल्यमापन करणे पुरेसे नाही. विद्यार्थ्याला बोलण्यासाठी एक बंद दार, एक खुर्ची आणि एक तास महाविद्यालयाच्या आवारातच मिळाला, तर पडद्यापलीकडचा उपचारक त्याच्यासाठी खऱ्या अर्थाने सुरक्षित तळ होऊ शकेल. उपचारक दूर असला तरी चालू शकते. बोलणाऱ्याच्या पायाखालची जमीन मात्र त्याची स्वतःची असली पाहिजे.