हेन्रिएटाची फाइल कोणी उघडली?

तुम्ही जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत असाल, तर हेला पेशी कधीतरी हाताळल्या असतीलच. मी पीएचडीच्या पहिल्याच वर्षी त्या वाढवायला शिकले. बाटलीवर रोज 'हेला' लिहायचे, पण हे नाव कुठून आलं ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ते कळलं रिबेका स्क्लूट यांच्या 'द इम्मॉर्टल लाइफ ऑफ हेन्रिएटा लॅक्स' या २०१० सालच्या पुस्तकातून.

हे पुस्तक बहुतेक जण संमती आणि पैसा या दोन प्रश्नांसाठी वाचतात, आणि ते बरोबरच आहे. हेन्रिएटा लॅक्स ही पाच मुलांची आई, कृष्णवर्णीय. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर तिचे उपचार झाले आणि त्याच वर्षी, वयाच्या ३१व्या वर्षी ती गेली. तिच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता काढून घेतला होता. त्या पेशी जगभर गेल्या, विकल्या गेल्या, आणि तिच्या मुलांना मात्र आरोग्यविमा परवडत नव्हता. दुसऱ्यांदा वाचताना मला या पुस्तकात आणखी एक धागा दिसला. रुग्णाची खाजगी माहिती दवाखान्यातून बाहेर पडते तरी कशी?

सुरुवात त्या नावापासूनच होते. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत नमुन्यावर रुग्णाच्या नावाची आणि आडनावाची पहिली दोन-दोन अक्षरं लिहायची पद्धत होती. हेन्रिएटामधलं 'हे', लॅक्समधलं 'ला'. काम सोपं व्हावं म्हणून केलेली साधी सोय, वाईट हेतू कोणाचाच नाही. पुढे 'हेलन लेन'सारखी खोटी नावं छापून आली, पण १९७१ साली एका वैद्यकीय नियतकालिकात खरं नाव आलंच. नमुन्याच्या नळीवर आद्याक्षरं लिहून 'आता हे निनावी झालं' असं म्हणणारे लोक मला आजही भेटतात.

पुढची पायरी जास्त वाईट आहे. १९८५ साली मायकल गोल्ड या पत्रकाराचं 'अ कॉन्स्पिरसी ऑफ सेल्स' हे पुस्तक आलं. त्यात हेन्रिएटाच्या केसपेपरातला आणि शवविच्छेदनाच्या अहवालातला मजकूर होता. कुटुंबाला कोणी विचारलं नव्हतं. आईने शेवटचे दिवस कसे काढले, हे तिची मुलगी डेबोरा हिने एका छापील पुस्तकात वाचलं. फाइल नेमकी कोणी दिली, हे गोल्ड यांना पुढे ठामपणे सांगता आलं नाही. मला यातला सगळ्यात बोचणारा भाग हाच वाटतो. ज्याने कुणी दिली असेल, त्याच्या लेखी ती लक्षात ठेवण्याइतकी मोठी गोष्टच नव्हती.

स्क्लूट यांचं सगळ्यात चांगलं लेखन याच जखमेभोवती आहे. एका मोटेलच्या खोलीत डेबोरा आईचे कागद पलंगावर पसरते. लेखिका ते वाचू लागते, आणि अचानक डेबोरा ते हिसकावून घेते, तिला भिंतीवर ढकलते. स्क्लूट हा प्रसंग सारवासारव न करता सांगतात. गोपनीयतेच्या प्रशिक्षणाच्या दहा व्हिडिओंतून जे कळणार नाही, ते या दोन-तीन पानांत कळतं. फाइल म्हणजे या बाईकडे उरलेली आई आहे.

आता माझी तक्रार. याच पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात हेन्रिएटाच्या केसपेपरातल्या नोंदी उतरवलेल्या आहेत. त्यातल्या काही अशा, की कोणतीही बाई त्या शेजारणीला सांगणार नाही. मी त्या इथे लिहीत नाही. गोल्ड आणि स्क्लूट यांना एका तराजूत तोलणं अन्यायाचं होईल. स्क्लूट यांनी त्या कुटुंबासोबत अनेक वर्षं घालवली आणि डेबोराने स्वतः त्यांना कागद दाखवले. पण मुलीने दाखवले म्हणजे आईने परवानगी दिली का? आणि जे डेबोरा एका रात्री दाखवत होती आणि हिसकावतही होती, ते लाखो वाचकांपुढे ठेवताना लेखिकेला काय वाटलं? पुस्तक या प्रश्नापाशी थांबत नाही. शेवटी पेशी कोणाच्या, संमती कशी घ्यावी, पैसा कोणाला यावर सविस्तर चर्चा आहे, पण स्वतःच्या हातातल्या फाइलबद्दल फारच थोडं. डेबोरा २००९ साली वारली, त्यामुळे छापलेलं पुस्तक तिने पाहिलंच नाही.

कायद्याने तरी हा गुंता सुटतो का? अमेरिकेत १९९६ चा 'हिपा' कायदा आहे. त्याचं संरक्षण मृत्यूनंतर ५० वर्षांनी संपतं, म्हणजे हेन्रिएटाची फाइल आज त्याच्या बाहेर आहे. पण मार्च २०१३ मध्ये हायडेलबर्गच्या संशोधकांनी हेला पेशींचा संपूर्ण जीनोम खुला केला, तेव्हा तिच्या जिवंत नातवंडांची माहितीही त्यासोबत उघडी पडणार होती. तक्रार झाल्यावर तो मागे घेतला गेला. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने कुटुंबाशी करार केला. ही माहिती कोणाला द्यायची, हे ठरवणाऱ्या समितीत कुटुंबातले दोघं बसले. कायद्याने हे करायला लावलं नव्हतं.

तुमच्यापैकी बरेच जण रुग्णालयात, लॅबमध्ये किंवा रुग्णांच्या नोंदी सांभाळणाऱ्या कंपनीत काम करता. मंडळातल्या एखाद्या काकूंचा फोन कधीतरी येतोच: "अगं, आपले अमुक काका तुझ्याच हॉस्पिटलात आहेत म्हणे. बघ ना जरा, काय झालंय." त्यांच्या विचारण्यात मायाच असते. स्क्रीन उघडायला दहा सेकंद लागतात. पण तुम्ही काय पाहिलंत याची नोंद तिथे राहते, आणि नुसतं डोकावल्याबद्दल लॉस एंजेलिसमधल्या एका संशोधकाला २०१० साली चार महिन्यांची कैद झाली होती.

शिक्षेची भीती मात्र थोडे दिवसच पुरते, म्हणून हे पुस्तक वाचा, त्यातल्या चुकीसकट. मोटेलचा प्रसंग आधी वाचा आणि मग पहिल्या प्रकरणाकडे परत या. काकूंचा फोन आला, तर "मी बघू शकत नाही, तुम्हीच काकांना फोन करा ना, त्यांना बरं वाटेल" एवढं सांगा. मी असं सांगितलं तेव्हा काकू दोन महिने रुसल्या होत्या. नंतर त्यांचं स्वतःचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांनी मला बाजूला बोलावून विचारलं, "माझं कोणाला कळणार नाही ना गं?"