६३ टक्के की ४२? तरुण बापांवरचा एक पेपर वाचताना

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘रवांडातल्या बांदेबेरेहो कार्यक्रमामुळे नवऱ्याकडून होणारी मारहाण ६३ टक्क्यांनी घटली.’ गाईडनी खाली लाल रेघ मारली आणि एवढंच विचारलं, “पेपर वाचलास, की नुसता गोषवारा?” गोषवाराच वाचला होता. मग पेपर काढून बसलो.

आधी कार्यक्रम काय ते बघू. २१ ते ३५ वयाचे, बाप झालेले किंवा होऊ घातलेले पुरुष. त्यांच्या १५ बैठका, त्यातल्या ८ बैठकांना बायकाही. बैठका घेणारे गावातलेच प्रशिक्षित बाप; काही विषयांना जोडीला स्थानिक नर्स आणि पोलीस. १,१९९ जोडपी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागली. निष्कर्ष २०१८ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आले.

सुरुवातीपासून २१ महिन्यांनी बायकांना विचारलं, गेल्या वर्षात मारहाण झाली का? कार्यक्रमाच्या गटात साधारण ३३ टक्के ‘हो’ म्हणाल्या, दुसऱ्या गटात ५७ टक्के. ऑड्स रेशो ०.३७. मी १ मधून ०.३७ वजा केले आणि ६३ टक्के लिहून मोकळा झालो! पण ऑड्स म्हणजे ‘हो’ला ‘नाही’ने भागणं. थेट प्रमाण बघायचं तर ३३ भागिले ५७, म्हणजे ०.५८. घट ४२ टक्क्यांची. प्रश्नातली गोष्ट दुर्मिळ असेल तर दोन्ही आकडे जवळपास येतात. इथे ती अजिबात दुर्मिळ नाही.

४२ टक्केही फार मोठी गोष्ट आहे. आणि नुसत्या बापांच्या शब्दावर न विसंबता बायकांना विचारलं, हे या अभ्यासाचं बळ. पण तीन गोष्टी खटकतात.

एक, दुसऱ्या गटाला काहीच दिलं नव्हतं. मग बदल अभ्यासक्रमाने झाला, की दर आठवड्याला चार बाप एकत्र बसून बोलले म्हणून? सांगता येत नाही.

दोन, नर्स आणि पोलीस यांचा सहभाग वेगळा तपासलेला नाही. त्यामुळे ‘सेवा देणाऱ्यांना प्रशिक्षण द्या, हिंसा घटेल’ या दाव्याला हा पेपर पुरावा म्हणून चालणार नाही. मी नेमका तोच दावा करायला निघालो होतो.

तीन, नमुना जोडप्यांचा. एकविशीच्या आत बाप झालेला किंवा मुलाच्या आईसोबत न राहणारा मुलगा यात नाहीच. ‘तरुण बाप’ म्हटल्यावर सर्वात आधी आधार लागतो तो त्यालाच ना?

आता माझं वाक्य असं आहे: ‘जोडप्याने राहणाऱ्या बापांसाठीच्या या कार्यक्रमानंतर, बायकांनी सांगितलेली मारहाण ५७ ऐवजी ३३ टक्के होती.’ रुबाब कमी झाला खरा. पण व्हायव्हाला कुणी विचारलंच, तर मान खाली घालावी लागणार नाही.